टेलचं पाणी

बारामतीत मी ज्यांच्या घरी तीन वर्षं भाड्यानं राहिले, त्या आबांच्या घरात नळ सोडला की पाणी येत नसे. पाळी आली की येई. बोअरला पाणी चांगलं होतं, टाकी मोठी होती, नगरपालिकेचा नळही होता. पण आबांचं सगळं आयुष्य कालव्याच्या खात्यात, शेतकऱ्यांना पाणी वाटण्यात गेलं होतं, आणि मागितल्याबरोबर पाणी मिळालं की माणूस बिघडतो यावर त्यांची गाढ श्रद्धा होती. टाकीतून निघणाऱ्या पाइपावर त्यांनी तीन कॉक बसवले होते. एक स्वयंपाकघराचा, एक पुढच्या बाथरूमचा आणि शेवटचा माझ्या मागच्या दोन खोल्यांचा. कॉक कुणीही फिरवू नयेत म्हणून त्यांच्या मुठी काढून त्यांनी आपल्या कपाटात ठेवल्या होत्या.

मी एका बँकेत बदली होऊन आले होते, पण आबांच्या लेखी मी ‘टेल’ होते. कालवा सुरू होतो ते हेड आणि संपतो ते टेल. हेडवाल्याच्या उसात पाणी तुंबतं आणि टेलवाला आभाळाकडं बघत बसतो, हे त्यांनी मला खोलीची किल्ली देतानाच समजावून सांगितलं. मला वाटलं, म्हातारे गृहस्थ जुन्या आठवणी सांगताहेत. चार दिवसांनी तोंडाला साबण लावलेला असताना पाणी गेलं, तेव्हा तो भाडेकराराचा भाग होता हे कळलं.

मी डोळे मिटून न्हाणीतून ओरडले, “आबा, पाणी!”

अंगणातून शांत आवाज आला, “सोडलंय. येतंय. टेलाला टाइम लागतो.”

मग तोच आवाज त्यांच्या बायकोला, काकूंना सांगताना ऐकू आला, “टेलवाले सगळे लबाड. पाणी पायजे दुपारी, आन् बोंब मारत्यात सकाळपास्नं.”

हे वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं की बँकेत कुणी कर्जाची घाई करायला लागलं तर माझ्याही तोंडी यायला लागलं. आबांच्या मते जगात दोनच जाती होत्या, हेडवाले आणि टेलवाले. पुण्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा हेडवाला. म्हशीच्या मागं गोठ्याच्या कडेला बांधलेली रेडी टेलवाली. न्याय मात्र त्यांना टेलचाच आवडे, निदान जेवणाच्या बाबतीत. कुठल्याही लग्नात वाढपी बादली घेऊन निघाला की आबा त्याचं मनगट धरत. “उलट्या टोकाकडनं सुरू कर. टेल टू हेड. शासनाचा नियम हाय.” उलट्या टोकाला नेमके आबा स्वतः बसलेले असत, हा योगायोग.

दुसरं त्यांचं वाक्य होतं, “अर्ज आला की बघू.” काकू म्हणाल्या, गॅस संपत आलाय. अर्ज आला की बघू. मी म्हणाले, मागच्या खोलीचं छप्पर ठिबकतंय. अर्ज आला की बघू. मी खरोखरच एकदा अर्ज लिहून दिला. तो त्यांनी चष्मा लावून वाचला, दोन ठिकाणी भाषा सुधारली आणि परत दिला.

आता गाडीबद्दल. गाडी पांढरी होती, असं काकू सांगत. मी पाहिली तेव्हा तिला रंग उरला नव्हता, मतं तेवढी होती. ती उताराला सुरू होई, चढाला गरम होई आणि चिंचेखाली उभी असताना अंगणात थेंब टाके. गाडीच्या वॉटर पंपाच्या बुडाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकायला लागतं, म्हणजे पंप बदला. तो पंपाचा अर्जच असतो. आबांनी तो वर्षानुवर्षं प्रलंबित ठेवला होता.

“एवढी गळती धरलेलीच असती, मॅडम,” ते मला म्हणाले. “कालव्यात निम्मं पाणी जमीनच पिती. कोण बोंबलतंय का?”

कोण बोंबलत होतं ते काकूंनी सांगितलं. आबांची धाकटी बहीण बावड्याला दिली होती. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न मी यायच्या आदल्या वर्षी झालं. आमच्याकडं मामाशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही. मामानं तिला हाताला धरून आणायचं, मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. आबा निघाले ते याच गाडीनं, आणि इंदापूरच्या अलीकडं गाडीनं वाफ सोडली. मागून येणाऱ्या वऱ्हाडाच्या गाड्या थांबल्या. या म्हणाले, बसा म्हणाले. आबा बॉनेट उघडून उभे राहिले. “पाच मिनटात निघतो” म्हणाले. ते बावड्याला पोचले तेव्हा दुसरी पंगत उठत होती. नवरीमागं कुणीतरी चुलत मामा उभा राहिला होता. बहिणीनं आबांना स्वतः ताट वाढलं, पोटभर जेवू घातलं आणि एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून ती भाऊबीजेला आली नव्हती. आबांनीही तिला कधी फोन केला नव्हता.

“करा की एक फोन,” काकू दर दिवाळीला म्हणत.

आबा म्हणत, “अर्ज आला की बघू.” पण हे म्हणताना ते दुसरीकडं बघत. मी शपथेवर सांगते, भाऊबीजेच्या दिवशी ते सकाळी लवकर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसत आणि दुपारी उठून शर्ट बदलत.

त्या वैशाखात बहिणीच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. आता तिच्या घरात लग्नाची मुलगी उरणार नव्हती. म्हणजे मामा व्हायची आबांची ही शेवटची पाळी.

निरोप काकूंच्या फोनवर आला. पत्रिका आली ती काकूंनी देवघरात ठेवली. आबा देवघराकडं फिरकत नसत, ते खातं काकूंचं.

“मुहूर्त अकराचा हाय म्हनं,” काकू म्हणाल्या. “पत्रिका दावू का?”

“पत्रिका पाव्हण्यांनी वाचायची. मी मामा हाय.”

“मग मामा, आपण आदल्या दिवशी यष्टीनं जाऊ.”

“न्हाय. गाडीमुळं मामा व्हायचा राहिलो, तर गाडीनंच जाणार.”

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी चहात पाहिलं. या घरात वाद घालायची माझी पाळी कधी येत नसे.

आबांनी नवा पंप आणला आणि त्याच्याबरोबर थर्मोस्टॅट. गॅरेजवाले त्याला ‘वॉल’ म्हणतात. बशीएवढंही नाही, वाटीच्या तोंडाएवढं ते एक झाकण असतं. इंजिन थंड असेपर्यंत बंद राहतं, पाणी पुरेसं तापलं की उघडतं आणि मग पाणी रेडिएटरकडं निवायला जातं. आमच्या भागातल्या बहुतेक जुन्या गाड्यांना ते नसतंच. गाडी पहिल्यांदा गरम झाली की मिस्त्री ते काढून फेकतो आणि गिऱ्हाईक त्याचे आभार मानतं. आबांच्या गाडीतलंही असंच कधीतरी गेलं होतं.

भिगवण रोडचा मिस्त्री त्यांना म्हणाला, “आबा, पंप घाला, पर वॉल कशापायी? ते थंडीच्या मुलखाला. आपल्या हितं कावळं झाडावरनं पडत्यात उन्हानं.”

“दार काढून कालवा चालवायचा?” आबा म्हणाले. “त्याला पाटबंधारे न्हाय म्हणत. पूर म्हणत्यात.” आणि बहुधा याच मुद्द्यावर त्यांनी मिस्त्रीला गाडीला हात लावू दिला नाही. पंप घरी बदलायचं ठरलं.

पुढचा आठवडा काकूंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. कुठला बोल्ट कुठला हे विसरू नये म्हणून आबांनी मिसळणाच्या डब्यातली मोहरी-हळद एका ताटात ओतली आणि प्रत्येक वाटीत एकेका ठिकाणचे बोल्ट ठेवले. जुन्या पंपाचं चिकटलेलं पॅकिंग खरवडायला काकूंचं उलथनं गेलं. बुधवारी आमटीत वॉशर निघाला. काकूंनी तो आबांच्या ताटाच्या कडेला, लिंबाच्या फोडीशेजारी ठेवला.

“कुठं गावला?” आबांनी आनंदानं विचारलं.

मुलानं पुण्याहून मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता. कुणी परदेशी माणूस सावकाश, एकेक वस्तू हातात धरून दाखवत होता. आबा तो आवाज बंद करून बघत. “बोलण्यानं माणूस भरकटतो. खात्यात आमी मीटिंगला असंच बसायचो.”

पण एक संध्याकाळ मी विसरणार नाही. वॉल बसवण्याआधी तो नीट उघडतो का हे बघायचं असतं. आबांनी काकूंचं दुधाचं पातेलं पाणी भरून गॅसवर ठेवलं आणि वॉल दोऱ्याला बांधून त्यात सोडला. काकू बाजारातून आल्या, त्यांनी पातेलं बघितलं आणि भाजीची पिशवी धरून दारातच उभ्या राहिल्या. पाण्यात बुडबुडे धरायला लागले. झाकण ढिम्म. मग अगदी हळूहळू, कुणी आतून ढकलावं तसं ते उचललं गेलं.

“उघडलं!” आबा ओरडले. “मॅडम, बघा! अर्ज न्हाय, सही न्हाय, पंचनामा न्हाय. पाण्याला गरज लागली आन् आपलं आपण उघडलं!”

त्यांच्या डोळ्यांत वाफ गेली असावी. त्यांनी गॅस बंद केला, पाणी निवू दिलं, झाकण मिटलं. पुन्हा गॅस लावला. असं तीनदा केलं. चाळीस वर्षं त्यांनी दारं उघडली आणि बंद केली होती, पण हुकमाशिवाय उघडणारं दार त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. काकूसुद्धा पातेल्याबद्दल काही बोलल्या नाहीत. दूध मात्र त्यानंतर आठवडाभर तिसऱ्याच पातेल्यात तापलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी जोडणी झाली. वॉल बसवताना प्रश्न आला तो तोंडाचा. त्याच्या एका बाजूला स्प्रिंग असते, दुसरी बाजू चपटी.

“दाराचं तोंड हमेशा टेलाकडं,” आबा म्हणाले आणि त्यांनी स्प्रिंग रेडिएटरच्या बाजूला केली.

मी मोबाईल धरून उभी होते. “आबा, हा माणूस स्प्रिंग इंजिनाकडं ठेवतोय.”

“आवाज बंद हाय म्हणून तुमाला तसं वाटतंय.”

गाडी सुरू केली. पंप गळत नव्हता. चिंचेखालची जमीन कोरडी राहिली. आबा गुडघे टेकून वाकून बघत होते, बराच वेळ. तापमानाचा काटा मध्यावर आला तसं त्यांनी पेट्रोल वाया जायला नको म्हणून इंजिन बंद केलं. काकूंनी पिशवी उचलली आणि त्या यष्टी स्टँडकडं निघाल्या.

“मी लग्नाला निघालेय,” त्या मला म्हणाल्या. “हे गाडी दुरुस्तीला निघाल्यात. तू उद्या ह्यांच्यासंगं बस, पोरी. न्हायतर हे इंदापूरलाच संसार मांडतील.”

सकाळी आम्ही निघालो. आबांनी नवं धोतर, नवी टोपी, कडक कॉलरचा शर्ट घातला होता. मागच्या सीटवर हत्यारं, पॅकिंगचा कागद आणि पाण्याचे कॅन होते. माझं काम काटा बघायचं. भवानीनगरपर्यंत काटा शहाण्यासारखा राहिला. मग चढायला लागला. आबांनी वेग कमी केला. काटा चढतच राहिला. लासुर्ण्याच्या पुढं उसाच्या फडाशेजारी बॉनेटमधून वाफ निघाली आणि आबांनी गाडी कडेला घेतली.

त्यांनी इंजिन बंद केलं, पण दार उघडलं नाही. हात परत स्टिअरिंगवर ठेवले. मी आत्तापर्यंत या माणसाची मनातल्या मनात पुष्कळ टिंगल केली होती. त्या वेळी मला करवली नाही.

समोरून एक म्हातारा मोपेडवर गवताचा भारा घेऊन येत होता. तो पुढं गेला, थांबला, वळून आला.

“सायेब! तुमीच न्हवं? वळखलं का? टेलाचा हाय मी.”

आबांनी डोळे मिटून घेतले.

“काय झालं? गाडीत पाणी न्हाय?”

“पाणी हाय. भरपूर हाय.”

“मंग?”

आबा खाली उतरले. वरच्या रबरी नळीला बोट लावून त्यांनी झटकन काढलं. मग रेडिएटरला हात लावला, खालची नळी चाचपली. ती थंडगार होती. ते तिथंच हात ठेवून उभे राहिले. “फुडं जात न्हाय,” ते हळूच म्हणाले.

म्हाताऱ्यानं आधी नळीकडं पाहिलं, मग आबांकडं. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते नुसतं हसू नव्हतं, त्यात कितीतरी उन्हाळे होते. “म्हंजे हेडाला उकळ्या आन् टेल कोरडं,” तो म्हणाला. “पर दार उघडं आसंल की, सायेब. कागदावर.”

मला वाटलं, आता आबा त्याला नियम सांगतील. त्यांनी नळीवरचा हात काढला.

“दार उलटं बसलंय,” ते म्हणाले. “मीच बसवलंय.”

“हे तवाच, खात्यात आसताना म्हणला आसता तर!” म्हातारा म्हणाला. पण गवताचा भारा उतरवून तो मळ्याकडं गेला आणि दोन कॅन पाणी भरून घेऊन आला. “घ्या. बोअरचं हाय, कालव्याचं न्हाय. आन् अर्ज नको.”

इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण खोलता येत नव्हतं. घड्याळ चाललं होतं. वऱ्हाडाच्या गाड्या, आंब्याची डहाळी बांधलेल्या, भरधाव जात होत्या. आबा एकेका गाडीकडं बघत होते. मग ते मला म्हणाले, “मॅडम, मी खोलतो. पर दहापर्यंत जमलं न्हाय तर हात करा. कुठलीबी गाडी. ट्रॅक्टर आसला तरी.”

माणूस किती बदलला हे मोजायचं तर मी त्या ट्रॅक्टरनं मोजते.

म्हातारा म्हणाला, “आता खोललंच हाय तर काढून टाका की ते. सगळे टाकत्यात.”

“दार उलटं बसवलं ही माझी चूक,” आबा म्हणाले. “दाराची न्हाय.” त्यांनी वॉल बाहेर काढला, धोतराला पुसला आणि स्प्रिंग इंजिनाकडं करून परत बसवला. नवं पॅकिंग घातलं, बोल्ट आवळले, पाणी भरलं. हात काळे झाले, धोतर काळं झालं, टोपीवरही बोटं उमटली. साडेदहा होऊन गेले होते, मी दोनदा हात केला होता आणि कुणी थांबलं नव्हतं. गाडी सुरू झाली. काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला. आबांनी काट्याकडं एकदाही बघितलं नाही.

अंथुर्णं गेलं, निमगाव केतकी गेलं. इंदापूर आलं तेव्हा अकरा वाजून बराच वेळ झाला होता. आबा एकदाच बोलले, “ती ताट वाढील. मला जेवाय लावील. मला न्हाय जायचा घास.” मी काटा बघत होते. काटा सोडून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बावड्याला मंडपाबाहेर गाडी थांबवून आबा उतरलेच नाहीत. लाउडस्पीकरवर कुणीतरी बोलत होतं. मी उतरून आत डोकावले. माणसं खुर्च्यांवर बसून वारा घेत होती. स्टेजवर तालुक्यातल्या कुणाकुणाचे सत्कार चालले होते. कुणाच्या हातात अजून अक्षतासुद्धा नव्हत्या. मी माघारी पळाले.

“आबा, लग्न लागायचंय!”

त्यांना ते खरं वाटेना. तेवढ्यात काकू आल्या आणि त्यांच्या मागून एक बाई आली, नाकात नथ, हातात तांब्या. आबांचंच नाक, आबांचंच कपाळ. ती गाडीच्या दाराशी उभी राहिली.

“अकराचा मुहूर्त व्हता,” आबा आतूनच म्हणाले.

“पाऊणचा हाय. पत्रिकंत छापलाय,” ती म्हणाली. “तुला अकरा सांगायला वैनीला मीच सांगितलं.”

आबांनी काकूंकडं पाहिलं. काकू आभाळाकडं बघत होत्या.

“का गं?”

“लई लांब दिलंय तुमी मला, दादा. हितं पाणी पायजे आसलं तर आधीच बोंब मारावी लागती.” मग तिनं गाडीचं दार उघडलं. “उतर आता. पोरगी पाटावर बसंना झालीय मामा आल्याबिगर. आन् हे हात घेऊन धरणार हाईस व्हय तिला?”

आबा उतरले. दोन्ही काळे हात त्यांनी पुढं केले आणि बहीण तांब्यानं त्यांच्यावर पाणी घालू लागली. ग्रीसचं काळं पाण्यानं जात नाही, हे तिला दिसत होतं, तरी ती घालत होती.

“टेलवाले सगळे लबाड,” आबा म्हणाले. पण ओंजळ त्यांनी मागं घेतली नाही.